‘करू शकेल’ या दोन शब्दांत अडकलेली बालवाडी

पोस्ट लांब आहे. पण येत्या सर्वसाधारण सभेच्या आधी वाचाच, ही विनंती.

परवा सभेची विषयपत्रिका कुणीतरी ग्रुपवर टाकली. गटारं, पथदिवे, घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ, सगळं नेहमीचंच. खाली सरकत गेलो तर एका ओळीचा विषय दिसला. घटती पटसंख्या आणि पालिकेची आर्थिक स्थिती विचारात घेऊन आपल्या भागातली नगरपालिकेची बालवाडी बंद करणेबाबत निर्णय घेणे. बस, एवढंच.

समाजमंदिराच्या मागच्या त्या दोन खोल्या आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेत. मी स्वतः तिथे बसलोय. माझी आई कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायची. सकाळी मला बालवाडीत सोडायची आणि पुढे जायची. खळ्यावर धूळ, टरफलं, ट्रॅक्टरची ये-जा, तिथे तीन वर्षांचं पोर नेऊन बसवणं म्हणजे जिवाला घोर. बालवाडी होती म्हणून आईची मजुरी सुटली नाही. एवढं सरळ गणित होतं ते.

रविवारी संध्याकाळी त्याच खोल्यांसमोर आया जमल्या होत्या. आमच्या भागाचे नगरसेवकही आले. त्यांचं मला कौतुक वाटलं, कारण तोंड चुकवलं नाही त्यांनी. पण ते जे म्हणाले ते डोक्यात राहिलं. “अहो, प्राथमिक शाळा आपल्याला चालवावीच लागते. बालवाडी तशी नाही. ती ऐच्छिक आहे. पैसे असले तर करायची.”

ऐच्छिक. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, म्हणून मी चार दिवस वाचत बसलो. जे सापडलं ते इथे मांडतो.

सुरुवात बोर्डीपासून

आपल्याकडे बालवाडीचं नाव घेतलं की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरी पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली होती, पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. या पद्धतीची साधनं महाग. शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांनाच ती परवडणार. मग खेड्यातल्या पोरांचं काय?

१९४५ मध्ये त्या डहाणूजवळ बोर्डीला गेल्या. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. लहानपणी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या. या दोघींनी बालवाडी स्वस्त करून दाखवली. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, बिया, दगड, पानं, माती वापरली. मोजायला चिंचोके चालतात, रंग ओळखायला फुलं चालतात. मुलांना अंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही शिकवण्याचाच भाग.

दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायका स्वतः वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणातच बालवाडी भरवली. अंगणवाडी या शब्दामागे हे अंगण आहे. नंतर १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणायचे. आणि एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा असं ठेवलं, त्याचं नाव विकासवाडी.

हे तिन्ही एकाच आवारात का, हे समजून घ्या. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. धाकट्याची सोय केली की मोठी आपोआप शाळेत येते. कोसबाडला हे सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं.

रविवारी एक ताई नेमकं हेच बोलल्या. “माझी मोठी सहावीत आहे. हे बंद झालं तर धाकट्याला तीच सांभाळणार. मग तिच्या शाळेचं काय ते तुम्हीच सांगा.” त्या ताईंनी ना ताराबाई वाचल्यात ना अनुताई. त्यांना वाचायची गरजही नाही.

घटनेत काय होतं आणि काय झालं

आता ऐच्छिक या शब्दाकडे येऊ.

१९५० मध्ये राज्यघटना लागू झाली तेव्हा कलम ४५ होतं. दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. या कलमात वरची मर्यादा होती चौदा. खालची मर्यादा नव्हतीच. म्हणजे सहाव्या वर्षापासून असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तीन वर्षांचं मूलही त्यात बसत होतं.

२३ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत यावर चर्चा झाली. एका सदस्याने सुचवलं की नुसतं शिक्षण न म्हणता प्राथमिक शिक्षण म्हणा, म्हणजे बोजा कमी होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते मानलं नाही. त्यांचा मुद्दा असा होता: चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचं नाही असं आपण दुसऱ्या कलमात म्हणतोय, मग ते मूल कुठल्या तरी शैक्षणिक संस्थेत असायला हवं. शिक्षणाची व्याप्ती कमी करायची सूचना तेव्हाही पुढे आली होती, आणि बाबासाहेबांनी ती अडवली होती.

पुढे दहा वर्षं गेली, चाळीस गेली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. आता सरकारला घटनादुरुस्ती करणं भाग होतं. ती आली, पण येताना वय कापूनच आली. ६ ते १४ वर्षं हा मूलभूत हक्क, कलम २१ अ. आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी नवं कलम ४५, म्हणजे फक्त प्रयत्न करावा.

लोक गप्प नव्हते. २८ नोव्हेंबर २००१ ला लोकसभेत हे विधेयक मंजूर झालं, त्याच दिवशी दिल्लीत देशभरातून आलेले हजारो लोक सहा वर्षांखालच्या मुलांना वगळू नका म्हणून निदर्शनं करत होते. ऐकलं गेलं नाही. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली.

मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्याचं कलम ११ बघा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मोफत पूर्वप्राथमिक शिक्षण देण्यासाठी सरकार आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’. करील असं नाही. करू शकेल.

आपल्या नगरसेवकांच्या तोंडी जो ऐच्छिक शब्द आला, त्याचं मूळ या ‘करू शकेल’मध्ये आहे. पैसे कमी पडले की कात्री आधी कुठे लागते? जिथे ‘करू शकेल’ लिहिलंय तिथे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मत नाही, त्याची संघटना नाही, आणि कायद्यात त्याच्या नावापुढे भक्कम क्रियापदही नाही.

त्याच दिवशी दुसरीकडे

आता एक योगायोग सांगतो, मला वाचताना अंगावर काटा आला. त्याच दिवशी, २८ नोव्हेंबर २००१ ला, सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात अंतरिम आदेश दिला. राजस्थानात दुष्काळ होता, सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती आणि माणसं उपाशी होती. म्हणून पीयूसीएल ही संघटना न्यायालयात गेली होती. आदेश असा की प्रत्येक वस्तीत अंगणवाडीचं केंद्र असलं पाहिजे आणि सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला पूरक आहार मिळाला पाहिजे.

म्हणजे एकाच दिवशी एका सभागृहाने लहान मुलाला हक्काच्या बाहेर ठेवलं आणि एका न्यायालयाने त्याला आत घेतलं.

अंगणवाडी योजना तशी जुनी. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आपल्या राज्यात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. पण सव्वीस वर्षं ती एक योजना होती, सरकारच्या मर्जीवर चालणारी. या खटल्याने तिला हक्काचं रूप दिलं. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात न्यायालयाने देशात किमान १४ लाख अंगणवाड्या सुरू करायला सांगितलं. आणि एक फार कामाची गोष्ट सांगितली: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. झोपडपट्टीलाही हे लागू आहे.

हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

पैसे नाहीत, हे वाक्य नवं नाही

२०१५-१६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात याच अंगणवाडी योजनेची तरतूद १८ हजार कोटींच्या वरून ८ हजार कोटींच्या घरात आणली. कारण दिलं की आता राज्यांना करातला वाटा ३२ टक्क्यांऐवजी ४२ टक्के मिळणार, त्यांनी बघून घ्यावं. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनीही कपातीबद्दल जाहीर नाराजी दाखवली होती. देशभर ओरड झाली आणि वर्षभरात पुरवणी मागण्यांतून बराचसा पैसा परत आला. म्हणजे पैसा होता. तो कुठे द्यायचा हा प्रश्न होता.

आता आपल्या राज्यातलं बघा. २०१७ मध्ये अंगणवाडी सेविकांनी मानधनासाठी मोठा संप केला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांना मेस्मा लावला. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, संप करायला बंदी. विधिमंडळात गोंधळ झाला आणि त्याला स्थगिती द्यावी लागली. पण त्या कागदाने एक गोष्ट कायमची कबूल केली. बाई संपावर गेली की तीन वर्षांच्या मुलाची सेवा अत्यावश्यक. आणि अंदाजपत्रक मांडायची वेळ आली की तीच सेवा ऐच्छिक! दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? २०२३-२४ मध्ये याच सेविका पन्नास दिवसांहून जास्त संपावर होत्या, भर थंडीत. आपल्या गावातल्याही होत्या.

विरोध करून काय होतं?

रविवारी एका आजोबांनी विचारलं, “बाळ, आपण बोंबलून काय होणार? त्यांचं ठरलंय.” प्रश्न रास्त आहे. म्हणून एक लांबचं उदाहरण देतो, कारण आपल्या विषयाशी ते तंतोतंत जुळतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पुरुष आघाडीवर गेले आणि बायका कारखान्यांत आल्या. त्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने लॅनहॅम कायद्याच्या पैशातून बालकेंद्रं उघडली. सर्वांत जास्त कॅलिफोर्नियात, कारण तिथे जहाजं आणि विमानं बांधली जात होती. आया रोजची थोडी फी द्यायच्या, बाकीचा खर्च बहुतांश सरकारी.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि लगेच जाहीर झालं की ऑक्टोबरअखेर पैसा बंद. कारण काय तर ही युद्धकाळाची सोय होती, आता बायकांनी घरी जावं. पण कितीतरी बायकांना घरी बसणं परवडणारं नव्हतं. कुणाचा नवरा मेला होता, कुणाचा जायबंदी होऊन आला होता, कुणाचा अजून परतलाच नव्हता. पत्रं, तारा, सह्यांचे अर्ज यांचा वॉशिंग्टनला मारा सुरू झाला. त्यात सर्वांत जास्त आवाज कॅलिफोर्नियाचा. एलिनॉर रूझवेल्ट यांनीही आपल्या वृत्तपत्रातल्या सदरात हा विषय घेतला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना मुदत फेब्रुवारी १९४६ अखेरपर्यंत वाढवावी लागली.

मुदत संपली तेव्हा बहुतेक राज्यांत केंद्रं बंद पडली. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा मोजक्या शहरांनी काही वाचवली. कॅलिफोर्नियात मात्र आया, शिक्षिका आणि शाळांचे अधिकारी एकत्र राहिले आणि राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला खेटे घालत राहिले. राज्याने पैसा दिला, पण तात्पुरता. मुदत संपत आली की पुन्हा तेच. पुन्हा अर्ज, पुन्हा साक्षी, पुन्हा वाट बघणं. असं दहा-अकरा वर्षं चाललं. शेवटी १९५७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ही केंद्रं कायमची केली.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, बंद करायचा निर्णय झाला तरी तो फिरतो. दुसरी, एकदा मोर्चा काढून काम होत नाही. दरवर्षी अंदाजपत्रक येतं, दरवर्षी जावं लागतं. जिथे लोक थकले तिथे केंद्रं गेली.

आता आपलं

पालिकेची बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. वसुली कमी आहे, पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पट कमी झालाय हेही खरं. पण का कमी झाला? संडासाचं दार दोन वर्षं तुटलेलं. नळाला पाणी नाही. जुन्या बाई निवृत्त झाल्या, जागा भरली नाही, मदतनीस मावशीच वर्ग सांभाळतात आणि त्यांचं मानधन महिनोन्‌महिने रखडतं. अशा ठिकाणी ज्याला परवडतं तो मूल पाठवत नाही. इंग्रजी नर्सरीची पिवळी गाडी दारात येते, तो तिकडे जातो. त्याला दोष नाही. पण आधी दुर्लक्ष करायचं, त्यामुळे पट घटला की घटलेला पट दाखवून कुलूप लावायचं, ही काटकसर म्हणायची का?

मागे कोण उरलं ते बघा. खळ्यावर जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बायांची मुलं. त्यांच्या दारात पिवळी गाडी येत नाही.

काहीजण म्हणतात, जवळ अंगणवाडी आहे ना, तिकडे जातील. ती अंगणवाडी हायवेच्या पलीकडे आहे. तीन वर्षांचं पोर रोज हायवे ओलांडणार कसं, याचं उत्तर विषयपत्रिकेत नाही. शिवाय तिथली जागा आधीच कमी पडते.

आणि नवीन शिक्षण धोरण, २०२० चं. त्यात तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानलाय. वरून सांगतात की पाया तिसऱ्या वर्षापासून घाला, आणि खाली आपण तिसऱ्या वर्षाचीच खोली बंद करतोय.

माझ्या मते आपण हे करावं:

१. सभेच्या आधी प्रत्येक पालकाच्या सहीचं निवेदन मुख्याधिकाऱ्यांकडे द्यायचं आणि आवक-जावकमधून पोच घ्यायची. तोंडी काही नको.

२. माहितीच्या अधिकारात विचारायचं की या बालवाडीवर गेल्या पाच वर्षांत दरवर्षी नेमका खर्च किती झाला, आणि किती पालिकेने स्वतःच्या निधीतून केला. आकडा समोर येऊ द्या, मग परवडतं की नाही ते बोलू.

३. विषय तहकूब ठेवून आधी दार, नळ आणि बाईंची जागा, एवढं करून एक वर्ष द्यावं, अशी मागणी. एका वर्षात पट वाढला नाही तर मी स्वतः पुन्हा पोस्ट लिहून ते कबूल करीन.

४. वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची घरोघर जाऊन यादी करायची. चाळीसच्या वर भरली तर २००६ च्या आदेशाच्या आधारे वस्तीतच अंगणवाडी मागायची. हे बालवाडीच्या बदल्यात नाही, पण दुसरी दोरी हाताशी असावी. यादीचं काम आमच्या गल्लीत सुरू झालंय, बाकीच्यांनी आपापली गल्ली घ्या.

५. नगरसेवकांना शिव्या देऊ नका. ते आपल्या बाजूने उभे राहिले तर ठराव फिरेल. त्यांना आकडे द्या, आदेशाची प्रत द्या.

सभा सोमवारी अकराला आहे. खळ्यावर जाणाऱ्या बायांनी अर्धा दिवस बुडवून यावं असं मी म्हणणार नाही, त्यांची मजुरी मला माहीत आहे. पण ज्यांना जमेल, विशेषतः जे त्या दोन खोल्यांत शिकून आज नोकरीधंद्याला लागलेत, त्यांनी तरी या. आपल्या वेळी ते ऐच्छिक आहे असं कुणी म्हटलं असतं तर आपण कुठे असतो, एवढा विचार करून या.

आईला काल हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग सोमवारी मीही येते. मला आता काय काम असतं.”